मधले दिवस

फाशीच्या खटल्यांची निकालपत्रं वाचायची मला जुनी खोड आहे. मी वकील नाही, कायद्याची विद्यार्थिनीही कधी नव्हते. पण निकालपत्र हाती आलं की मी सरळ तारखांकडे जाते. गुन्हा कधी घडला, सत्र न्यायालयाने शिक्षा कधी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कधी कायम केली, दयेचा अर्ज कधी गेला आणि कधी फेटाळला. गुन्ह्याचं वर्णन सगळ्यात शेवटी. एक तर ते वाचवत नाही. दुसरं म्हणजे, फाशी असावी की नसावी या वादात सगळेच त्या वर्णनापासून सुरुवात करतात आणि तिथेच रुतून बसतात.

तारखा वाचत गेलं की वेगळाच प्रश्न समोर येतो. न्यायाधीशाने शिक्षा उच्चारली तो दिवस आणि ती अमलात आली तो दिवस, यांच्यामध्ये किती दिवस असावेत? आणि ते कशासाठी असावेत? हजारो वर्षं माणसं माणसांना कायद्याने मारत आली आहेत. पण या साध्या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मला अजून कुठेही सापडलेलं नाही.

या दिवसांविषयीचा माझ्या माहितीतला सर्वांत जुना सरकारी हुकूम अशोकाचा आहे. दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर जो स्तंभ उभा आहे, मूळचा टोपरा गावचा, त्यावर त्याचा चौथा स्तंभलेख आहे. राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर लिहवलेला. त्यात राजा सांगतो की, तुरुंगात असलेल्या आणि देहदंड ठरलेल्या माणसांना मी तीन दिवसांची सवलत दिली आहे. त्या मुदतीत नातेवाइकांनी त्याच्या जिवासाठी रदबदली करावी. रदबदली करणारं कोणी नसेल, तर त्याने परलोकासाठी दानधर्म करावा, उपास करावा. शाळेत आपण अशोकाला अहिंसेचा राजा म्हणून शिकलो, पण कलिंगानंतरही त्याने देहदंड रद्द केला नव्हता. त्याने फक्त मध्ये तीन दिवस घातले. एवढ्या मोठ्या साम्राज्यात तीन दिवसांत कोणाचा नातेवाईक कुठून येणार, हा प्रश्न उरतोच. तरी त्या दिवसांची दोन कामं त्याने नेमकी ओळखली होती: कोणीतरी येऊन विनवणी करणं आणि मरणाऱ्याने मरणाची तयारी करणं.

तिसरं काम, फेरविचाराला वाव देणं, अथेन्सच्या इतिहासात दिसतं. इसवी सनापूर्वी ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरच्या मितिलिनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि ते मोडलं गेलं. अथेन्सच्या लोकसभेने संतापाच्या भरात ठराव केला की, तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करा, बायका-मुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालंही. रात्र गेली आणि लोकांना वाटू लागलं की हे जरा जास्तच झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लिऑन म्हणाला, ठराव बदलायचा नाही. डायोडोटस म्हणाला, बदलायचा. गंमत अशी की त्याने दयेचं नावही काढलं नाही. घाई आणि राग हे शहाणपणाचे शत्रू आहेत, असं तो म्हणाला. शहरांनी शिक्षा वाढवत वाढवत मृत्यूपर्यंत नेल्या, तरी गुन्हे होतच राहिले. कारण गरज आणि आशा माणसाला पुढे ढकलतात, असंही म्हणाला. ‘जरब बसते का’ या आजच्या वादातला निम्मा मजकूर त्या एका भाषणात आहे.

थोडक्या मतांनी डायोडोटस जिंकला आणि दुसरं जहाज सुटलं. पहिल्याला जवळजवळ एक दिवस-रात्रीची आघाडी होती. दुसऱ्या जहाजावरच्या लोकांनी वल्ही मारता मारताच दारू-तेलात कालवलेलं सातूचं पीठ खाल्लं, पाळ्या लावून झोप घेतली. पहिलं जहाज नको असलेल्या कामावर निघाल्यासारखं संथ चाललं होतं. सेनापतीने हुकूम वाचून अंमलाची तयारी चालवली होती, तेवढ्यात दुसरं पोहोचलं. गोष्ट बहुतेक जण इथे थांबवतात. पुढे लिहिलं आहे की बंडाच्या म्होरक्यांना, हजाराहून अधिक माणसांना, तरीही मारलं. पण शहर वाचलं, ते मधल्या एका दिवसामुळे.

त्याच अथेन्सने २८ वर्षांनी सॉक्रेटिसला विष दिलं, तेव्हाही मध्ये एक जहाज होतं. डेलॉस बेटावर गेलेली पवित्र नौका परत येईपर्यंत शहरात कोणाचा देहान्त करायचा नाही, असा नेम होता. नौकेला परतायला जवळपास महिना लागला. मित्रांनी पळून जाण्याची व्यवस्था केली, ती सॉक्रेटिसने नाकारली. अथेन्सने या वेळी फेरविचार केला नाही. दिवस दिले म्हणून ते वापरले जातातच असं नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण मराठी वाचकाला सांगायला नको, तरी सांगते. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, असं परंपरा सांगते. त्या निकालानंतरचे मधले दिवस चांगले दहा वर्षांचे झाले आणि १७८३ मध्ये कोपरगावी राघोबा आपल्या मरणानेच गेले. मधले दिवस किती, हे माणूस कोण आहे यावरही ठरत आलं आहे.

इंग्लंडने उलटी वाट धरली होती. १७५२ पासून लागू झालेल्या खुनाच्या कायद्याने ठरवलं की खुन्याला शिक्षा सुनावल्यावर एक दिवस सोडून फाशी द्यायची. मधल्या काळात भाकरी आणि पाणी, दुसरं काही नाही. नंतर प्रेत चिरफाडीसाठी वैद्यांकडे किंवा साखळदंडात टांगायला. त्या दिवशी रविवार आला तर फाशी सोमवारी. म्हणून मन जरा हळवं असलेले न्यायाधीश असे खटले शुक्रवारी चालवत. कैद्याला तेवढाच एक दिवस जास्त. कायदा हटवादी झाला की चांगली माणसं दिनदर्शिकेत पळवाटा शोधतात. १८३६ मध्ये ही घाई कायद्याने काढून टाकली. पुढे इंग्लंडमध्ये मधला काळ काही आठवड्यांवर स्थिरावला आणि तो वाजवी मानला गेला. ना छळ होईल इतका लांब, ना अविचार म्हणावा इतका आखूड.

हे आठवडे किती वाजवी होते, ते टिमथी एव्हन्सच्या प्रकरणात कळलं. लंडनच्या एका घरात त्याची बायको आणि तान्ही मुलगी मारलेल्या सापडल्या. मुलीच्या खुनाबद्दल जानेवारी १९५० मध्ये त्याला शिक्षा झाली आणि ९ मार्चला फाशी. सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार होता त्याच घरात खाली राहणारा जॉन क्रिस्टी. तीन वर्षांनी त्या घराच्या भिंतीआड, जमिनीखाली आणि बागेत इतर बायकांची प्रेतं सापडली. ती क्रिस्टीने मारली होती. क्रिस्टीला फाशी देणारा जल्लाद तोच, ज्याने एव्हन्सला दिली होती. एव्हन्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली. म्हणजे इथे मधल्या दिवसांचं चौथं काम दिसतं, सत्य उघडकीला यायला वेळ देणं. त्यासाठी आठ आठवडे पुरेसे नव्हते. तीन वर्षं लागली.

मग म्हणावंसं वाटतं, ठीक आहे, वेळ घ्या. भारतात आपण तेच केलं.

आपल्याकडे सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. कैद्याने अपील केलं नाही तरी प्रकरण आपोआप वर जातं. मग सर्वोच्च न्यायालय. मग फेरविचार याचिका. तिची सुनावणी पूर्वी न्यायाधीशांच्या दालनात कागदांवरच होत असे, २०१४ पासून ती खुल्या न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढे होते. मग क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावर त्याच न्यायालयात करायची शेवटची याचिका. राज्यपालांकडे दयेचा अर्ज, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. तो फेटाळला तर त्या फेटाळण्यालाही आव्हान. एकेक पायरी घ्या, तिच्यामागे कारण आहे आणि बहुतेक वेळा कोणाचा तरी जीव आहे. एकही काढावी असं मला वाटत नाही. पण या शतकात भारतात प्रत्यक्ष फाशी झाली ती आठ जणांना, आणि शिक्षा सुनावलेले कैदी कुठल्याही घडीला शेकड्यांत असतात. हे सगळे मधल्या दिवसांत राहतात.

ते कसे राहतात? १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ३० प्रमाणे देहदंडाच्या कैद्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत, रात्रंदिवस पहाऱ्याखाली ठेवायचं. हा नियम मुळात काही आठवड्यांच्या हिशेबाने केलेला. अपिलांची शिडी लांबत गेली आणि तोच नियम वर्षानुवर्षं लागू राहिला. सुनील बत्रा नावाच्या फाशीच्या कैद्याने तिहारमधून याला आव्हान दिलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सगळे मार्ग संपून शिक्षा अटळ होईपर्यंत माणूस या अर्थाने ‘देहदंडाखालचा’ नसतो आणि त्याला एकांतवासात डांबता येत नाही. याच बत्राने पुढे न्यायाधीशांना पत्र लिहून कळवलं की, तुरुंगातल्या एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला आहे. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि तुरुंगातल्या हक्कांवरचा एक महत्त्वाचा निकाल त्यातून आला. स्वतःचा फास लटकत असताना हा माणूस शेजारच्या कैद्यासाठी पत्र लिहीत होता. मला या खटल्यात कायद्यापेक्षा हेच जास्त लक्षात राहिलं आहे.

मग प्रश्न आला: इतकी वर्षं टांगून ठेवल्यावर फाशी देणं न्याय्य आहे का? फेब्रुवारी १९८३ मध्ये वथीस्वरन खटल्यात न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांच्या पीठाने उत्तर दिलं, नाही. तो कैदी आठ वर्षं फाशीच्या छायेत होता. शिक्षेनंतर दोन वर्षांहून अधिक विलंब झाला तर ती जन्मठेपेत बदलली पाहिजे, असं पीठाने म्हटलं. मार्च १९८३ मध्ये, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांनी, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने शेरसिंग खटल्यात सांगितलं की असा ठोक आकडा लावता येणार नाही. अपिलांतच दोन वर्षं सहज जातात. १९८९ मध्ये त्रिवेणीबेन खटल्यात पाच न्यायाधीशांनी हे दुसरं मत पक्कं केलं. आकडा नाही, प्रत्येक प्रकरण बघू. त्या पाच आठवड्यांत ज्यांच्या वकिलांनी धावपळ केली असेल, त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आकडा लावून बघण्याचा प्रयोग लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही केला, म्हणजे काही जुन्या ब्रिटिश वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयाने. जमैकातल्या दोन कैद्यांना १९७९ मध्ये शिक्षा झाली होती. तीन वेळा त्यांना डेथ वॉरंट वाचून दाखवलं, तीन वेळा ऐन वेळी थांबवलं. १९९३ मध्ये कौन्सिलने ठरवलं की पाच वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला तर फाशी ही अमानुष शिक्षा मानायला भक्कम आधार आहे. यावर कॅरिबियन सरकारांनी काय केलं? त्रिनिदादने जुलै १९९४ मध्ये एका कैद्याला, त्याची न्यायालयीन लढाई चालू असतानाच, पाच वर्षं भरायला काही दिवस उरलेले असताना फासावर चढवलं. माणसाला छळापासून वाचवायला घातलेली मुदत त्याच्या गळ्याशी आली.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याआधी, १९८९ मध्ये, सोअरिंग प्रकरणात ब्रिटनने एका तरुण जर्मन माणसाला अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या हवाली करू नये असं ठरवलं होतं, ते याच कारणाने. तिथे कैदी फाशीच्या कोठडीत सरासरी सहा ते आठ वर्षं काढत. ब्रिटिश सरकारचं म्हणणं होतं की हा वेळ कैद्यांच्या स्वतःच्या अपिलांमुळेच जातो. न्यायालयाने त्याला दिलेलं उत्तर मला पटतं: माणूस जगण्याचा प्रत्येक धागा पकडून ठेवणारच, त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. फाशी होणार नाही अशी हमी मिळाल्यावरच त्याला तिकडे पाठवलं गेलं.

दिवस लांबले की छळ होतो, हे झालं. पण लांबलेले दिवस सगळ्यांना सारखे मिळत नाहीत, हे त्याहून वाईट. उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात हरबन्ससिंग, काश्मीरासिंग आणि जीतासिंग या तिघांना चौघांच्या खुनाबद्दल फाशी झाली. गुन्ह्यातला वाटा तिघांचा सारखा. तिघांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पीठांपुढे गेली. काश्मीरासिंगची शिक्षा जन्मठेपेवर आली. उरलेल्या दोघांना ६ ऑक्टोबर १९८१ ला फाशी द्यायचं ठरलं. हरबन्ससिंगने शेवटच्या घडीला याचिका केली आणि त्याला स्थगिती मिळाली. जीतासिंगला त्या दिवशी ठरल्याप्रमाणे फाशी झाली. नंतर न्यायालयाने हरबन्ससिंगच्या बाबतीत राष्ट्रपतींनी फेरविचार करावा असं सुचवलं. एकच गुन्हा, एकच शिक्षा. एक मेला, दोघे वाचले. फरक गुन्ह्यात नव्हता, कागद कुठल्या टेबलावर कधी पोहोचला यात होता.

कागदाचं पोहोचणं म्हटलं की दिल्लीचं २०१३ सालचं प्रकरण आठवतं. अफझल गुरूला ९ फेब्रुवारीला तिहारमध्ये फाशी झाली. दयेचा अर्ज फेटाळल्याचं आणि फाशीच्या तारखेचं पत्र काश्मीरमधल्या कुटुंबाला स्पीड पोस्टाने पाठवलं होतं. ते पोहोचलं दोन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला. त्याच्या गुन्ह्याबद्दल कोणाचं काहीही मत असो. बायकोला भेटायची संधी टपालात अडकणं हा शिक्षेचा भाग कुठल्याच कायद्यात लिहिलेला नव्हता. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे आणि इतर कारणांनी १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. शिवाय नियम घालून दिला की, दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस गेले पाहिजेत. घरच्यांना आधी कळवायचं, शेवटची भेट घडवायची. अशोकाच्या तीन दिवसांचे चौदा व्हायला आपल्याला सव्वादोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

हे चौदाही खुपले. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात चार जणांच्या फाशीची तारीख २०२० मध्ये चार वेळा ठरली: २२ जानेवारी, १ फेब्रुवारी, ३ मार्च आणि अखेर २० मार्च. दर वेळी एकाचा कुठला तरी अर्ज बाकी निघायचा आणि चौघांचीही फाशी थांबायची. त्याच सुमारास केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात जाऊन १४ चे सात दिवस करा अशी मागणी केली. त्या मुलीची आई न्यायालयाच्या पायऱ्यांवर प्रत्येक तारखेला उभी दिसायची. मधल्या दिवसांचा विचार करताना मी तिला वगळू शकत नाही. कैदी मरणाची वाट बघतो, तशीच आणखी कोणीतरी त्या मरणाची वाट बघत असतं. कायद्याने त्यांना सांगितलेलं असतं की न्याय म्हणजे तो दिवस, आणि मग तो दिवस पुढे पुढे सरकवत नेलेला असतो.

कधी तो येतच नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिरंगाईवर बोट ठेवून शिक्षा जन्मठेपेवर आणली. निर्णय कायद्याला धरून होता. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांची मुलं गेली त्यांना काय सांगणार? की फाइल मंत्रालयात पडून राहिली म्हणून शिक्षा बदलली? शिक्षा कमी व्हायचीच होती, तर तिच्यामागे माणसाचा, गुन्ह्याचा, सुधारणेचा काही विचार असायला हवा होता. तिथे कारकुनी आळस निघाला.

आता दोन प्रकरणं शेजारी ठेवते. राजस्थानातल्या रावजी नावाच्या माणसाने १९९३ मध्ये घरातल्या माणसांचे खून केले. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. मे १९९६ मध्ये ती झालीही. झटपट, जशी आपण मागतो तशी. १३ वर्षांनी, २००९ मध्ये, संतोष बारियार खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की रावजीचा निकाल चुकीच्या तत्त्वावर होता. त्यात फक्त गुन्ह्याकडे बघितलं, गुन्हेगाराकडे बघायचं नाही असं ठरवलं. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने तर दोन्हीकडे बघणं बंधनकारक केलं होतं. ‘विरळातला विरळ’ ही कसोटी तिथूनच आली. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की रावजीच्या निकालावर विसंबून दिलेल्या शिक्षा बदलाव्यात. रावजी निर्दोष होता असं कोणी म्हटलं नाही. त्याला फाशी योग्य पद्धतीने विचार करून दिलेली नव्हती, एवढंच. पण ते सांगायला तो नव्हता.

दुसरं प्रकरण महाराष्ट्रातलं. २००३ मधल्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केलीच, वर बाकी तिघांनाही पुन्हा फाशी दिली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे २०१२ मध्ये सिद्ध झालं. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तपास सदोष होता, खऱ्या गुन्हेगारांना मोकळं सोडलं गेलं, असं म्हणून प्रत्येकाला पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. १६ वर्षांनी. रावजीच्या वेगाने गेलं असतं तर ही सहा माणसं २०१० च्या आसपास संपली असती आणि २०१९ चा निकाल लिहिलाच गेला नसता.

जपानमधल्या इवाओ हाकामादाचं उदाहरण तर या सगळ्याच्या टोकाला आहे. १९६६ मध्ये अटक, १९६८ मध्ये फाशीची शिक्षा. गुन्ह्यानंतर १४ महिन्यांनी मिसोच्या टाकीत सापडलेले रक्ताचे कपडे हा मोठा पुरावा होता. जपानमध्ये फाशीच्या कैद्याला फाशीचा दिवस त्याच सकाळी कळतो. म्हणजे रोज सकाळी पावलं कोठडीपाशी थांबतात की पुढे जातात, हे ऐकत बसायचं. हाकामादाने असं दशकानुदशकं ऐकलं आणि त्यात त्याचं मन मोडून गेलं. शिक्षा देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एकाने २००७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की, तो निर्दोष आहे असंच मला वाटत होतं, पण मी अल्पमतात पडलो. २०१४ मध्ये हाकामादाची सुटका झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये निर्दोष मुक्तता. वय ८८. मधल्या दिवसांनी त्याचा जीव वाचवला. बाकी फारसं काही वाचवलं नाही.

माझं मत आता लपवण्यात अर्थ नाही. दिवस आखूड ठेवले तर एव्हन्स होतो, रावजी होतो. लांबवले तर हाकामादा होतो, आणि त्या आईचं पायऱ्यांवर उभं राहणं होतं. मध्ये कुठेतरी नेमकं बरोबर माप असेल असं मला पूर्वी वाटायचं. इतक्या न्यायालयांनी दोन वर्षं, पाच वर्षं, चौदा दिवस, आठ आठवडे करून बघितलं. माप निघालं नाही. मला वाटतं ते या शिक्षेत नाहीच. जन्मठेपेतही चुका होतात, पण तिथे चूक कळेपर्यंतचा वेळ हाच शिक्षेचा भाग असतो, कोणाला टांगून ठेवावं लागत नाही. यावर कोणी म्हणेल, जिथे शंकेला जागाच नाही तिथे तरी द्या. कसाबचं उदाहरण हटकून येतं, हातात बंदूक घेतलेला त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिला होता. खरं आहे. पण २००९ मध्ये त्या सहा जणांबद्दलही कोणाला शंका नव्हती. खात्री वाटणं आणि खात्री असणं यांत फरक करणारं कलम अजून कोणाला लिहिता आलेलं नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, कलम ४७२ मध्ये, दयेच्या अर्जाचं वेळापत्रक बांधलं आहे. कैद्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, राज्याचा अभिप्राय आल्यावर केंद्राने ६० दिवसांत शिफारस करायची, निर्णय झाल्यावर ४८ तासांत कळवायचं. राष्ट्रपतींनी स्वतः किती दिवसांत निर्णय घ्यायचा, याला मर्यादा नाही. म्हणजे जिथे फायली वर्षानुवर्षं पडून राहिल्या, तो सगळ्यात वरचा मुक्काम तसाच सैल, आणि घाई खालच्या, कोठडीतल्या माणसाला.

खरी घाई मात्र या सगळ्याच्या आधीच होऊन गेलेली असते आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. आपल्या कायद्याने १९७३ मध्ये दोषी ठरवणं आणि शिक्षा ठरवणं या दोन वेगळ्या पायऱ्या केल्या. दोषी ठरल्यावर आरोपीला शिक्षेबद्दल बोलू द्यायचं. बच्चनसिंग निकालाने या पायरीला वजन दिलं: माणूस कुठून आला, कसा वाढला, त्याचं मन कसं आहे, तो सुधारू शकतो का, हे बघा. पण हे बघायचं कधी? सत्र न्यायालयांत कितीतरी वेळा सकाळी दोषी ठरवतात आणि दुपारी फाशी सुनावतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं होतं की दोषी ठरवल्यावर पुढची तारीख द्या. पण पुढे त्याच न्यायालयाच्या वेगवेगळ्या पीठांनी वेगवेगळं म्हटलं आणि त्याच दिवसाची प्रथा टिकून राहिली. त्या दुपारी बचावाचा वकील, बहुधा सरकारी मदतीतून नेमलेला, उठून सांगतो: आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आई-वडील आहेत, हा पहिलाच गुन्हा आहे. एका माणसाच्या आयुष्याची ही बाजू निकालपत्रात दोन-तीन ओळींत आटोपते. नंतरची वीस वर्षं त्या ओळींवर अपिलं चालतात.

मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या पीठाने मनोज खटल्यात सांगितलं की, आरोपीचा मानसिक तपासणी अहवाल, तुरुंगातली वर्तणूक, घरची परिस्थिती हे सगळं शिक्षा ठरवण्याआधी न्यायालयापुढे आलं पाहिजे, आणि यातली माहिती आणून देणं सरकारचंही काम आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, लळीत सरन्यायाधीश असताना, या सुनावणीला खरा आणि पुरेसा वेळ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. फाशी कायद्यात आहे तोवर मला या प्रश्नाचं उत्तर राष्ट्रपतींच्या टेबलावरच्या मुदतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पण नुसते दिवस वाढवून भागणार नाही. त्या दिवसांत आरोपीच्या गावी कोण जाणार, त्याच्या शाळेचे, आजारपणाचे, बालपणाचे कागद कोण शोधणार, मानसशास्त्रज्ञाचे पैसे कोण देणार, हेही कोणाला तरी लिहून द्यावं लागेल. नाहीतर वकिलाला दुपारऐवजी पंधरा दिवस मिळतील आणि पंधराव्या दिवशी तो उठून त्याच दोन-तीन ओळी म्हणेल.